उन्हाळ्यापुरतं म्युनिकला काम: रोजचं जगणं आणि शनिवार-रविवारची भटकंती

तलावपाळी:

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसातून यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा काही जण म्युनिकला जाताहेत. मी २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये तिथे होते. कॅन्टीनमध्ये, ठाणे-वाशी लोकलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचे प्रश्न तेच: खायचं काय, राहायचं कसं, सुट्टीच्या दिवशी जायचं कुठे. म्हणून इथे एकदा सविस्तर लिहून ठेवते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी, पटलं नाही तर तेही सांगावं.

माझं मत आधी सांगते. एका उन्हाळ्यासाठी जाणाऱ्यांनी दर आठवड्याला नवा देश गाठायच्या मागे लागू नये. बस्तान एकाच गावात ठेवावं, सकाळी निघावं आणि रात्री झोपायला आपल्या खोलीवर यावं. म्युनिकच्या दोन-अडीच तासांच्या परिघात इतकं काही आहे की एक उन्हाळा त्याला पुरत नाही.

हे जमतं ते एका तिकिटामुळे. डॉइचलांड-टिकेट. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोंनी सुरू झालं, मी होते तेव्हा ५८ होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालंय. जर्मनीभरातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. ऑफिसला जायला तिकीट काढावंच लागतं, त्यामुळे रविवारच्या प्रवासाला वेगळा पैसा पडत नाही. फक्त लक्षात ठेवा, पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. ऑगस्टअखेर परतणाऱ्यांनी १० ऑगस्टला कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा.

पैसे वाचतात हे आहेच, पण मला त्याहून मोलाची वाटली ती मोकळीक. आल्प्सच्या पायथ्याचं हवामान आपल्या श्रावणासारखं लहरी. सकाळी उठायचं, खिडकी उघडायची, पावसाचा नकाशा बघायचा. दक्षिणेला ढग असतील तर उत्तरेला रेगेन्सबुर्ग शहर, आकाश स्वच्छ असेल तर डोंगर. महिनाभर आधी विमानाचं तिकीट काढलं की भर पावसातही जावं लागतं. मागचा जुलै बराच ओला होता. आधीच बुकिंग करून बसलेले माझे सहकारी छत्री घेऊन शहरं बघून आले.

आता आठवड्याची घडी कशी बसते ते सांगते. रविवारी दुकानं बंद. अगदी सगळी. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, मॉल, काहीच उघडं नसतं. इतर दिवशीही बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, रात्री ८ ला शटर खाली येतं. मुख्य रेल्वे स्टेशन आणि विमानतळावरची दुकानं, पेट्रोल पंप आणि काही बेकऱ्या तेवढ्या रविवारी सापडतात. त्यामुळे शनिवार सकाळ किराणा, कपडे धुणं, घर आवरणं यांना द्यायची. रविवारी ड्रिल मशीन लावायचं नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा आवाज होतो. पहिल्या आठवड्यात हे जाचक वाटतं. मग एका रविवारी लक्षात येतं की अख्खं शहर सायकली, पाठपिशव्या आणि पोरंबाळं घेऊन स्टेशनकडे निघालंय, आणि आपण त्यांच्यातलेच एक आहोत. मला तो दिवस फार आवडायला लागला. दुकानदारालाही आठवड्यातून एक दिवस घरच्यांसोबत मिळतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

बाटल्यांवरून आठवलं. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. बाटली चेपू नका, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाका, पावती मिळते ती बिलात वळती होते. पाणी मात्र विकत घ्यायची गरजच नाही. म्युनिकच्या नळाला मांगफाल खोऱ्यातलं झऱ्यांचं पाणी येतं, थेट प्यायचं. आपल्या नवी मुंबईला मोरबे धरणाचं जसं अप्रूप, तसा तिथल्या लोकांना या पाण्याचा अभिमान आहे.

जूनअखेर सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. पाच-साडेपाचला ऑफिस सुटलं तरी पुढे जवळजवळ चार तास उजेड. इसार नदीच्या काठावर गोट्यांचे किनारे आहेत, लोक ऑफिसातून थेट येऊन पाण्यात उतरतात. प्रवाह जोरात असतो, तेव्हा पोहता येत असेल तरच आणि स्थानिक लोक जिथे उतरतात तिथेच. लोकलची एस-६ लाइन पकडली तर श्टार्नबर्गच्या तळ्यावर संध्याकाळ घालवून परत येता येतं.

आणि ती संध्याकाळ शाकाहारी माणसालाही सुखाची जाते ती बिअर गार्डनमुळे. हे मला जायच्या आधी कोणीच सांगितलं नव्हतं. तिथे आपलं जेवण घरून नेता येतं! १८१२ साली बव्हेरियाच्या राजाने, पहिल्या मॅक्सिमिलियन योसेफने, नदीकाठच्या बिअरवाल्यांना आपल्या तळघराशी बिअर विकायची मुभा दिली, पण जेवण विकायला मनाई केली, कारण शहरातले खानावळवाले चिडले होते. तेव्हापासून लोक डबा घेऊन येतात. पेय तिथलंच घ्यायचं, आणि ज्या टेबलावर कापड घातलेलं नाही तिथे बसायचं. मोठमोठे चेस्टनटचे वृक्ष, खाली लाकडी बाकं. मी सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं आप्फेलशोर्ले घ्यायचे आणि डब्यात थालीपीठ, लोणचं. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी एकदा स्वतःचा मुळा कापून दिला. तो मुळा ते धारदार सुरीने एका सलग नागमोडी पट्टीत कापतात, वरून मीठ भुरभुरवतात आणि पाणी सुटेपर्यंत थांबतात. मी त्यांना थालीपीठ दिलं. भाजणीत काय काय असतं ते समजावून सांगताना माझ्या जर्मनची कसोटी लागली, पण त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.

राजवाड्यांबद्दल वेगळ्या पोस्टमध्ये लिहिते, हात दुखले.

घणसोलीकर:

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. पहिल्यांदाच देशाबाहेर. दोन प्रश्न. एक, पोळी-भाजीचं सामान मिळतं का की इथून न्यायचं? दोन, आठवड्याच्या सुट्टीखेरीज आणखी सुट्ट्या मिळतात का?

तलावपाळी:

सामान मिळतं. मुख्य स्टेशनच्या दक्षिणेच्या गल्ल्यांमध्ये भारतीय, तुर्की आणि अफगाणी दुकानं आहेत. कणीक, तूरडाळ, पोहे, साबुदाणा, कढीपत्ता सगळं मिळतं, भाव जास्त पडतो एवढंच. मसूर डाळ, काबुली चणे, बासमती तर साध्या सुपरमार्केटातही असतात. इथून गोडा मसाला, भाजणी, मेतकूट न्या, ते तिथे मिळणार नाही. कुकर नेणार असाल तर बूड सपाट आणि इंडक्शनला चालणारं आहे ना ते तपासा.

एक गोष्ट आवर्जून करा. तिथे क्वार्क नावाचा दह्याच्या चक्क्यासारखा प्रकार स्वस्तात मिळतो. चाळीस टक्के फॅटचा घ्या, फडक्यात तासभर बांधून ठेवा, साखर, वेलची, केशर घालून फेटा. श्रीखंड तयार. ऑफिसात नेलं तर डबा धुऊन परत येतो.

सुट्ट्यांचं: बव्हेरियात इतर राज्यांपेक्षा धार्मिक सुट्ट्या जास्त. २०२६ मध्ये २५ मेचा सोमवार आणि ४ जूनचा गुरुवार सुट्टीचा आहे. गुरुवारला जोडून शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस. १५ ऑगस्टलाही म्युनिकमध्ये सुट्टी असते, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण म्हणून. मागच्या वर्षी तो शुक्रवारी आला, त्यामुळे सकाळी ध्वजवंदनाचे फोटो घरून आले ते मी निवांत बघितले. यंदा मात्र शनिवारी येतोय. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारीच किराणा भरा, कारण शनिवार-रविवार सलग दोन दिवस दुकानं बंद असतील.

वाशीवाला:

लेख छान, पण मुख्य मुद्दा मला पटत नाही. माणूस आयुष्यात एकदा कंपनीच्या खर्चाने युरोपात जातो. परत कधी जाणार कोणास ठाऊक. अशा वेळी पॅरिस, प्राग, व्हेनिस सोडून तळ्याकाठी बसायचं? मी गेलो होतो तेव्हा शुक्रवारी रात्री बस पकडायचो आणि सोमवारी पहाटे परत. थकवा यायचा, पण आज सांगायला आठवणी आहेत. आईला आयफेल टॉवरवरून व्हिडिओ कॉल केला होता, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो क्षण कुठल्या तळ्याने दिला असता?

सीवूड्स:

@वाशीवाला, तुमचं म्हणणं मनापासून कळतं. व्हिसाच्या बाजूनेही हरकत नाही: जर्मनीचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो.

मी श्टुटगार्टला होतो, तिथून एक कामाची गोष्ट. कंपनीकडून पाठवले जात असाल तर एचआरला ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’बद्दल विचाराच. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. आपल्या ईपीएफओकडून हे प्रमाणपत्र घेतलं की इथला पीएफ चालू राहतो आणि तिथल्या पेन्शनसाठी पगारातून वेगळी कपात होत नाही. पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ४८ महिन्यांपर्यंत ही सवलत मिळते. हा कागद निघायच्या आधीच हातात असावा. तिथे पोहोचल्यावर मागे लागणं फार त्रासाचं होतं.

तलावपाळी:

@सीवूड्स, मोलाची माहिती, धन्यवाद.

@वाशीवाला, आईचा प्रसंग वाचून मला भरून आलं. पॅरिस बघूच नये असं मी म्हणत नाही. जोडून सुट्टी आली की लांब जावं, बाकीचे रविवार जवळ. माझा आग्रह एवढ्यासाठी की बसमधल्या रात्रींनी सोमवार खराब जातो, आणि ज्या कामासाठी आपल्याला पाठवलंय ते सोमवारीच असतं. शिवाय प्रागहून आलेल्याला ऑफिसात कोणी फारसं विचारत नाही, पण तुम्ही तेगर्नझेच्या तळ्यावर जाऊन आलात म्हटलं की टीममधला प्रत्येक जण खुर्ची ओढून बसतो. अमुक घाटाने का नाही चढलात, तमुक हॉटेलात केक खाल्ला का. माझी तिथली मैत्री अशीच झाली.

आता राजवाडे.

दुसरा लुडविग हा बव्हेरियाचा राजा, १८ व्या वर्षी गादीवर आला. राज्यकारभारापेक्षा त्याचा जीव संगीतात आणि बांधकामात. नॉयश्वानस्टाइन या त्याच्या महालाचं काम १८६९ मध्ये सुरू झालं. १८८६ मध्ये त्याला वेडा ठरवून पदच्युत केलं आणि त्यानंतर काहीच दिवसांत, १३ जूनला, तो श्टार्नबर्गच्या तळ्यात मेलेला सापडला. सोबत त्याचा डॉक्टरही. नेमकं काय घडलं यावर तिथले लोक अजूनही तावातावाने बोलतात. तळ्यात त्या जागी पाण्यातच एक क्रूस उभा आहे. महाल अर्धवटच राहिला आणि राजा गेल्यावर काही आठवड्यांतच तो तिकीट लावून लोकांना खुला केला.

मागच्या वर्षी ११ जुलैला, शुक्रवारी, आमचे ठाण्याचे सगळे ग्रुप एकदम पेटले. ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत! साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी, असे बारा किल्ले. ऑफिसात मी एकटी मराठी. मॅनेजरला नकाशा काढून दाखवला, राजगड कुठे, सिंधुदुर्ग समुद्रात कसा. दुसऱ्या दिवशी, १२ जुलैला, युनेस्कोच्या त्याच बैठकीत लुडविगचे महालही यादीत आले: नॉयश्वानस्टाइन, लिंडरहोफ, शाखेन आणि हेरेनकीमझे. सोमवारी मॅनेजरने स्वतः येऊन हात मिळवला. आम्ही दोघंही आपापल्या गोष्टी सांगत होतो. त्याचा राजा एकांतासाठी डोंगरावर महाल बांधणारा, आपला राजा डोंगरालाच राज्याचा कणा करणारा. मला ती दुपार कायम लक्षात राहील.

जायचं कसं: नॉयश्वानस्टाइनसाठी म्युनिकहून फ्यूसेन, दोन तासांचा प्रवास, तिथून बस. आत जायचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, उन्हाळ्यात ऑनलाइन आधी काढा. आतून फोटो काढू देत नाहीत आणि फेरी अर्ध्या तासात संपते. दरीवरच्या मारीएनब्रुके या पुलावरून बाहेरचं दृश्य मात्र फुकट आणि पोटभर. गर्दी नको असेल तर हेरेनकीमझे. प्रीनपर्यंत साधारण तासाभराची गाडी, पुढे बोट, बेटावर फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याच्या धर्तीवरचा महाल. आरशांचं दालन बघताना त्या राजाची कीवही येते, इतक्या हौसेने बांधलं आणि जेमतेम काही दिवस राहिला.

सह्यभटक्या:

किल्ल्यांचा विषय काढलात आणि राहवलं नाही. आल्प्समध्ये डोंगर चढलात का? आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्याने काय लक्षात घ्यावं?

तलावपाळी:

चढले, आणि त्यावर लिहायला मला सगळ्यात जास्त आवडेल.

वाटा उत्तम आखलेल्या असतात. पिवळ्या पाट्यांवर किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं. निळा रंग सोप्या वाटेला, लाल मध्यम, काळा अवघड. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाने लाल वाटेपर्यंत जावं, काळ्या वाटेवर लोखंडी दोर धरून चालायची वेळ येते. पाय चांगले असले तरी इतक्या उंचीवरून खाली दरी दिसली की नजर फिरते. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळ हमखास, म्हणून पहाटे निघून दुपारी दोनच्या आत माथा सोडायचा. आणीबाणीचा नंबर ११२.

वाटेत झोपडीवजा हॉटेलं लागतात, त्यांना हुट्टे म्हणतात. कित्येक जर्मन आल्पाइन क्लबच्या आहेत. हा क्लब १८६९ मध्ये म्युनिकमध्येच स्थापन झाला. तिथे चीजमध्ये घोळवलेले, नूडल्ससारखे केझेश्पेट्झले मिळतात, मांस नसलेले, चढून आल्यावर ते खाण्यात फार आनंद आहे. रोख पैसे जवळ ठेवा.

गाड्यांबाबत दोन सूचना. तेगर्नझे, लेंगग्रीस, बायरिशत्सेल या तीन गावांच्या गाड्या म्युनिकहून एकत्र जोडून सुटतात आणि वाटेत होल्झकिर्खेन आणि शाफ्टलाखला सुट्या होतात. कुठला डबा कुठे जाणार ते डब्यावरच लिहिलेलं असतं. ते वाचूनच चढा, नाहीतर डोंगर वेगळाच येतो. दुसरं, डोंगराच्या पायथ्याच्या गार्मिश गावच्या गाड्या मुख्य स्टेशनच्या २७ ते ३६ या फलाटांवरून सुटतात. मेट्रोतून वर आल्यावर तिथवर चालायला बराच वेळ लागतो. आणि हो, सुट्टीच्या दिवशी तिथेही मेगाब्लॉक असतो! रुळांचं काम काढलं की मधल्या टप्प्याला बस लावतात. निघायच्या आधी अ‍ॅपमध्ये बघा.

पारिजातक:

अगं, मी नौपाड्यात राहते. माझी मुलगी मे अखेरीस तिकडेच जातेय, वय २४. तुझं लिखाण वाचून थोडा धीर आला. तिथे रात्री एकटीने ट्रेनने येणं ठीक आहे का? आणि तिच्याशी बोलायची वेळ कशी जमवायची?

तलावपाळी:

काकू, काळजी वाटणारच. मी डोंगरातून रात्री दहा-अकराला परतायचे, गाड्यांमध्ये घरंदाज कुटुंबं, म्हातारी माणसं भरपूर असतात. मला कधी भीती वाटली नाही. तरी मुख्य स्टेशनच्या आसपास रात्री रेंगाळू नये, आणि परतीच्या शेवटच्या गाडीवर विसंबू नये, तिच्या आधीची पकडावी. लहान गावांत शेवटची बस संध्याकाळीच निघून जाते, ती वेळ आधी बघून ठेवायची सवय तिला लावा.

उन्हाळ्यात ती आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असेल. तिचे संध्याकाळचे सहा म्हणजे तुमचे साडेनऊ. जेवणं आटोपून निवांत बोलता येतं. मी रोज नदीकाठी चालताना फोन करायचे, आईला पाण्याचा आवाज ऐकू जायचा.

पंखा नसतो घरांत, हे तिला आधीच सांगा. मागच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला युरोपभर उष्णतेची लाट होती, तेव्हा खोल्या भट्टीसारख्या तापल्या. तिथले लोक सकाळी खिडक्या बंद करून बाहेरचे शटर पूर्ण खाली ओढतात आणि रात्री सगळं उघडतात. आपल्याला उलटं वाटतं, पण त्याने खोली खरंच थंड राहते.

सीवूड्स:

डाखाउच्या नाझी छळछावणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. मी जायचं टाळलं होतं. जावं का?

तलावपाळी:

जावं. एस-२ लोकलने डाखाउ, तिथून बस. प्रवेशाला पैसे नाहीत. मार्च १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत ही छळछावणी सुरू झाली आणि २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैन्याने ती सोडवली. संपूर्ण दिवस तिच्यासाठीच ठेवा, दुसरं काही जोडू नका. मला सगळ्यात जास्त हलवलं ते शाळेच्या मुलांनी. बाई त्यांना प्रश्न विचारत होत्या आणि तेरा-चौदा वर्षांची मुलं आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीबद्दल उत्तरं देत होती. आपल्या समाजाने काय केलं हे इतक्या उघडपणे मुलांना शिकवणारा देश मी पहिल्यांदा पाहिला. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

घणसोलीकर:

ताई, एखादी अशी जागा सांगा जी यादीत सहसा नसते.

तलावपाळी:

पासाउ. ऑस्ट्रियाच्या सीमेवर, म्युनिकहून सव्वादोन तास, थेट प्रादेशिक गाडी. डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एका टोकाला भेटतात आणि तिघींच्या पाण्याचा रंग वेगळा. इन डोंगरातली, हिरवट आणि दुधाळ. इल्झ दलदलीच्या रानातून येते म्हणून काळसर. वरच्या किल्ल्यावरून रंगांच्या कडा एकमेकींत कशा मिसळतात ते अर्धा तास बघत बसले होते.

पण मी मुद्दाम सांगतेय ते तिथल्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीसाठी. तिच्या भिंतीवर शतकानुशतकांच्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत, प्रत्येकीपुढे साल. २०१३ च्या पुराची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती: पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं होतं, १५०१ नंतरचं सगळ्यात जास्त. खाली उभं राहून मान वर करून बघावं लागतं. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आपलं गाव कुठवर बुडू शकतं ते दिसतं, घर बांधणाऱ्यालाही आणि परवानगी देणाऱ्यालाही. २६ जुलै २००५ ची पाण्याची पातळी ठाण्यात, कळव्यात, दिघ्यात अशीच भिंतींवर कोरून ठेवायला हवी असं मला फार वाटतं. ज्यांनी तो दिवस पाहिला ती माणसं आहेत तोवरच ते करता येईल.

पारिजातक:

खरं बोललीस. आमच्या सोसायटीत मी हा विषय काढते.

सह्यभटक्या:

तलावपाळी, एक विचारू का? परत आल्यावर इथे रविवारी काय करता?

तलावपाळी:

तेच, जे तिथे करत होते. सकाळी आकाश बघायचं आणि लोकल पकडायची. कसारा लोकलने आसनगावला उतरून माहुलीचा किल्ला. ट्रान्स-हार्बरने नेरूळ आणि तिथून उरण, जानेवारी २०२४ पासून गाडी थेट उरणपर्यंत जाते, खाडी आणि खारफुटीच्या बाजूने. मला आधी वाटायचं भटकायचं म्हणजे गाडी हवी, चार दिवस रजा हवी. युनेस्कोच्या यादीतला लोहगडही ठाण्याहून रेल्वेने होतो: इंद्रायणी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, लोणावळ्याला उतरायचं, पुण्याकडच्या लोकलने मळवली, तिथून चालत. वाटेत भाजे लेणी. म्युनिकहून माझी एक सहकारी डिसेंबरात आली होती, तिला तिथेच नेलं. लोहगडाच्या विंचूकाट्याच्या टोकावर ती बराच वेळ नुसती उभी होती, मग म्हणाली, याला आधी बुकिंग, वेळ-बिळ काहीच लागत नाही का?

वाशीवाला:

मान्य. मळवलीला पुढच्या वेळी मला हाक मारा. तरीही घणसोलीकर, जोडून सुट्टी आली की पॅरिसला जाऊन ये मित्रा.

घणसोलीकर:

जाणार, दादा! ४ जूनला जोडून शुक्रवारची रजा मिळाली तर पॅरिस, पण पोहोचल्या पोहोचल्या मिळेल असं वाटत नाही. तोवर ताई, साल्झबर्गला डॉइचलांड-टिकेट चालतं का? ते तर ऑस्ट्रियात.

तलावपाळी:

चालतं, साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत, प्रादेशिक गाडीने. तिथून पुढे शहरातल्या बसला वेगळं तिकीट. पासपोर्ट सोबत ठेव, फोटोकॉपी नको. परतताना सीमेलगतच्या फ्राइलासिंग स्टेशनात पोलीस गाडीत चढून कागद तपासतात आणि तेवढ्यात गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबू शकते, म्हणून पुढची जोडगाडी घट्ट ठरवू नकोस.